आबासाहेबांची माती, माझी खाण

मौजे तांबडेवाडी, तालुका जामखेड, जिल्हा अहमदनगर येथे राहणारी मी, मनकर्णाबाई, कै. रंगनाथ डोके यांची विधवा, वय अंदाजे पासष्ट, धंदा शेती, माझ्या माघारी भांडणे होऊ नयेत म्हणून हे मृत्युपत्र करून ठेवते. आडनाव डोके आहे आणि डोके ठिकाणावरही आहे. मला कोणी दम दिलेला नाही व कोणी फसवलेले नाही. दोन्हींचा प्रयत्न झाला, तो पुढे येईल. मी सांगते आणि आमचे निवृत्त सत्यवान मास्तर शुद्ध भाषेत उतरवतात. ज्या जागी त्यांनी भाषा फार शुद्ध केली, तिथे मी त्यांना खोडायला लावले आहे.

कलम १. गावातील दोन खणांचे घर माझा पुतण्या गहिनीनाथ आबासाहेब डोके यास द्यावे. त्याने ते विकले तरी हरकत नाही. घराखाली दगड नाही, मी खणून पाहिले आहे.

कलम २. सर्व्हे नंबर ४१ मधील जुनी दगडखाण. हीच माझी खरी मिळकत, म्हणून हकीकत सांगणे भाग आहे.

वाटण्या झाल्या तेव्हा धाकटे दीर आबासाहेब यांनी वरची काळी जमीन घेतली आणि खालची खाण आमच्या वाट्याला लोटली. रस्त्याच्या ठेकेदाराने तिथला दगड काढून नेला होता व मुरमाचे ढिगारे उतारावर तसेच टाकून तो निघून गेला होता. मालक वारले तेव्हा आबासाहेब समाचाराला आले आणि म्हणाले, "वहिनी, खाण हाय तुमची. उडी टाकायच्या कामाला येईल."

पुढे एका मोठ्या पावसात तो मुरूम घसरला आणि खालच्या ख्रिस्ती वस्तीच्या पाण्याचा आड अर्धा बुजला. सकाळी यशया गवंडी माझ्या दारात उभा. "आक्का, तुमची खाण आमच्या आडात आलीय. परत घेऊन जावा."

मी जाऊन पाहिले. बायका चिखलातून वाटीवाटीने पाणी भरत होत्या. त्या दिवशी मी यशयाला म्हणाले, "भाऊ, तू दगड रचायचा, मी वाहायचा. आड उपसू, पर आधी ढीग बांधू." आम्ही उताराला आडव्या दगडी ताली, म्हणजे बांध, घातल्या, ढिगाऱ्यावर घायपात आणि सीताफळ लावले, मग आड उपसला. लोक बघायला येत. म्हातारी खाणीला लुगडं नेसवतीय, असे म्हणत. म्हणोत. लुगडे नेसल्यावर खाण घसरायची थांबली.

मग एक मजा झाली. आबासाहेबांनी वरच्या रानाला कधी बांध घातला नव्हता. त्यांची काळी माती दर पावसात माझ्या खाणीतून ओढ्याला जायची. आता ती माझ्या तालींमागे मुक्काम करू लागली. काही वर्षांत खाणीच्या तळात ज्वारी डोलू लागली, आणि आबासाहेबांना माती ओळखू आली.

त्यांनी सरपंच भिमाजी यांच्यापुढे तक्रार नेली. "ही माती माझी हाय. हिनं चोरली."

भिमाजींनी मला विचारले, "काय म्हन्ता, मनकर्णाबाई?"

मी म्हणाले, "त्यांचीच हाय. न्यावी की. पाटी लागली तर माझी देते."

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात आबासाहेबांनी खरोखर बैलगाडी लावली. गाड्यांवर गाड्या माती वर नेली आणि आपल्या रानात पसरली. बांध मात्र घातला नाही. पावसाच्या पहिल्याच दणक्यात ती सगळी खाली आली, सोबत आणखी मंडळी घेऊन. मी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन तालीवर उभी होते. आबासाहेब वरून पाहत होते. मी मातीला हात जोडून म्हणाले, "या, बसा." हे वाक्य मास्तर गाळत होते. मी गाळू दिले नाही.

बहात्तरला पावसाने पाठ फिरवली. वरचे रान तडकले. खाणीच्या तळाला ओल होती. कणसे भरली नाहीत, पण कडबा झाला. माझी जाऊ कडूबाई, म्हणजे आबासाहेबांची बायको, पदर डोळ्यांना लावून आली. "जाऊबाई, बैल उठना गेल्यात."

"बैलांशी माझं वैर न्हाई. मालकाला म्हनावं, सोता येऊन मागा."

आबासाहेब आले. खाणीच्या काठावर बराच वेळ खाकरले. "वहिनी, कडब्याचं काय घ्याल?"

"काय न्हाई घेनार. तुमच्या वावरात आडव्या ताली घाला. जेवढी ताल, तेवढा कडबा."

दुष्काळभर आबासाहेब दगड रचत होते आणि यशया बांधावर बसून त्यांच्या चुका काढत होता. बैल जगले. यंदाच्या पावसात वरची माती वरच राहिली. माझ्याकडे आता ढेकूळसुद्धा येत नाही, याबद्दल माझी नाराजी येथे नमूद करते.

कलम ३. गहिनीनाथ याने गेल्या महिन्यात एक कागद आणला होता. खडीच्या नव्या ठेकेदाराला खाण पुन्हा उघडून द्यायची होती. "काकी, नुसता अंगठा द्या," म्हणाला. मी म्हणाले, "ठेवून जा." त्यावर मी शेळीचा खूर शाई लावून उठवला आणि घडी घालून परत दिला. ठेकेदाराने म्हणे तो उलटासुलटा करून पाहिला. शेळी गहिनीनाथास द्यावी. सही तिची आहे, व्यवहार तिच्याशी करावा.

कलम ४. पहार, घण व दगड फोडायची सुतकी यशया यास. घण जड आहे, त्याने आता वयाकडे पाहावे.

कलम ५. कडूबाई, आबासाहेब डोके यांची पत्नी, माझी जाऊ, हिला वर सांगितलेली खाण, तीतील माती, ताली व झाडांसह, पूर्ण मालकीने देते. वरच्या रानात जन्मभर खुरपले तिने, नाव लागले आबासाहेबांचे. इथला दगड तिने कुणाला काढू देऊ नये. आबासाहेबांना खाणीत पाय ठेवायचा असेल तर बायकोला विचारावे.

हे कलम मास्तरांनी वाचले तेव्हा कडूबाई चुलीपाशी होती. तिला आधी हसू आले, मग ती बाहेर येऊन उंबऱ्याजवळ बसली. "मास्तर, नाव कसं लिव्हलंय माझं?"

"आबासाहेब डोके यांची पत्नी," मास्तर म्हणाले.

"आन् माझं?"

मास्तरांनी लेखणी पुन्हा शाईत बुडवली आणि ओळीच्या आरंभी मोठ्या अक्षरात लिहिले: कडूबाई. तिने ओल्या शाईला बोट लावू नये म्हणून मी तिचा हात धरला. शाई वाळली, मग सोडला.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, ते मला समजले व ते मला पसंत आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: मनकर्णाबाई रंगनाथ डोके (अंगठा माझाच, शेळीचा नव्हे.)

साक्षीदार:
१. भिमाजी सहादेव खोसे, सरपंच, सही
२. यशया पौलस शिरसाट, गवंडी, सही

लेखक: सत्यवान दाविद भालेराव, निवृत्त शिक्षक

मुक्काम तांबडेवाडी, ता. ४ नोव्हेंबर १९७३