बेसिनवर हात धुते : गुण एक

६ मे २००३
विद्यापीठाचं पत्र. बी.एस्सी. नर्सिंगच्या पोरींना आता अंदाजानं मार्क द्यायचे नाहीत, काय शिकल्या ते मोजायचं. आतापर्यंत शितावरून भाताची परीक्षा करत होतो. आता शीतन् शीत मोजा. प्राचार्य बाईंनी काम माझ्या गळ्यात घातलं.

दुपारभरात यादी केली. जखमेची पट्टी बदलणे. वीस पायऱ्या, पायरीला एक गुण, बारा मिनिटं. केलं तर एक, नाही तर शून्य. अर्धा नाही. पायरी तिसरी : ‘वॉर्डातील बेसिनवर हात धुते.’ पासला दहा हवेत, आणि या भागात वेगळं पास व्हावं लागतं. प्राचार्य बाई खूश. म्हणाल्या, आता कुणाचा रागलोभ मधे यायला नको. रागलोभ यादीतसुद्धा बसतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

८ मे
वॉर्डात सराव. सुनंदा उईके पुन्हा अडली. कारंज्याकडच्या जंगलपट्टीतली, घरी गोंडी बोलतात. पायऱ्या इंग्रजीत म्हणताना तिची जीभ गोते खाते, पोरी हसतात, मी हसू देते. हात मात्र चांगला आहे. हे इथंच लिहिते, कुणाला सांगायचं नाही.

गेल्या महिन्यात मी एका पेशंटकडून दुसऱ्याकडे सरळ गेले. नऊ पोरींसमोर ही म्हणाली, “मॅडम, तुमी हात नाई धुतले.” खरं होतं. खरं होतं म्हणूनच डोक्यात गेलं. धुतले, तिच्याकडे बघत. आजपासून या वहीत ती नुसती उ.

११ मे
वॉर्डातली आया शांताबाई, तिला सगळ्यांचं सगळं ठाऊक. म्हणाली, उ.चं हे शेवटचं वर्ष. पास झाली तर नोकरी, नापास झाली तर बाप लगेच लग्न लावणार. मुलगा ठरलेला आहे, वीटभट्टीवर मुकादम. आईनं कशीबशी परीक्षेपर्यंतची मुदत मागून घेतलीय. जाताना म्हणते, “पोरीले सांभाळून घेजा मॅडम.”
म्हटलं, यादी सांभाळेल.

१४ मे
परीक्षा. ऊन असं की कूलर नुसती गरम हवा फेकतोय. सकाळीच वॉर्डाच्या बेसिनचा नळ कोरडा. पाइप फुटला म्हणे. नागपूरहून आलेल्या परीक्षक बाई घड्याळ बघत म्हणाल्या, नुसती कृती दाखवली तरी चालेल.

पहिली पोरगी आली. कोरडा नळ सोडला, तळवे चोळले, बोटांत बोटं घातली, कोपरापर्यंत गेली, कोपरानं नळ बंद केला. मग टॉवेलनं कोरडे हात कोरडे केले. गुण एक. मागच्या सहा जणींनी तेच केलं. एकीनं तर हात झटकलेसुद्धा. आणि मग त्याच हातांनी जखमा. गुण एक, एक, एक.

आठवी उ. पेशंट देवळीचे कापडवाले शेठ, साखरेमुळे चिघळलेला पाय. तिनं नळ फिरवला, थांबली.
“नळाले पानी नाई, मॅडम.”
वेळ चालू आहे, म्हटलं. कृती दाखवली तर चालतं, हे सांगितलं नाही. ती शेठना म्हणाली, “काका, आलीच मी,” आणि बाहेर गेली. खिडकीतून दिसत होतं : शांताबाई माठातलं पाणी तांब्यानं तिच्या हातांवर घालतेय, आणि ही साबण लावून बोटन् बोट धुतेय, जसा काही अख्खा दिवस पडलाय. सात मिनिटं गेली. हात वर धरून आली, कोपरांवरून पाणी गळत होतं. पट्टी इतकी हळू सोडली की शेठ कण्हलेसुद्धा नाहीत.

अकराव्या पायरीला मी घंटा वाजवली. थांब म्हटलं. थांबली नाही. शेठ म्हणाले, “बाई, पोरीले पट्टी त बांधू द्या.” तिनं जखम झाकली, पट्टी बांधली, मगच मागं सरली. घंटेनंतरचं मोजायचं नसतं.

दहा पायऱ्या झाल्या होत्या, म्हणजे काठावर पास. पेन तिसऱ्या पायरीवर थांबलं. हात धुतले, पण बेसिनवर नाही.
शून्य. एकूण नऊ.
परीक्षक बाईंनी न बघता सही केली. जेवायला श्रीखंड होतं.

१७ मे
बेड सातच्या जखमेत पू. त्या दिवशी पहिलीनं पट्टी केली होती, तीच जखम. असतोच पू या दिवसांत.
शेठचा पाय सुकतोय, घरी गेले. उ.साठी शांताबाईजवळ ब्लाउजपीस ठेवून गेले होते. पेशंटकडून काही घ्यायचं नसतं म्हणून मी परत पाठवला. नियम आहे तसा.

२१ जून
निकाल. सगळ्या पास, एकटी उ. नापास. फळ्यासमोर उभी होती. रडेल म्हणून मी उगाच दोनदा तिथून गेले. रडली नाही.

२४ जून
उ.चा बाप आला. पहिल्या एसटीनं निघाला असणार, धोतर चुरगळलेलं. खुर्ची रिकामी होती, मी बसा म्हटलं नाही. मार्क वाढवा वगैरे काही बोलला नाही. “माह्या पोरीचं काय चुकलं ते सांगा मले, मी तिले समजावतो.”
म्हटलं, वेळ पाळत नाही.
त्यानं त्यावर बराच विचार केला. “घडी घेऊन देतो,” म्हणाला.
दिवाळीनंतर पुरवणी परीक्षा आहे, तोवर लग्न थांबवतो, त्याच्यापुढं नाही, असं सांगून गेला. जेवण गेलं नाही. ऊन बाधलं असेल.

२ ऑक्टोबर
उ. बोरगाव मेघेला मावशीकडे राहते, रोज पायी येऊन सराव करते. मला नमस्कार करते. पूर्वीसारखाच. तोच त्रास आहे.
प्राचार्य बाईंनी विचारलं, वॉर्डाच्या नळाचा अर्ज पाठवला का. पाठवते म्हटलं. लिहिलेला अर्ज टेबलाच्या खणातच आहे.

१८ नोव्हेंबर
पुरवणी परीक्षा. उ. एकटी. नळ तसाच कोरडा. सहा महिने झाले, आता कुणाला त्याचं काही वाटत नाही.

पायरी दुसरी, घड्याळ काढते. नवं कोरं घड्याळ मनगटावरून काढून खिशात ठेवलं. मग नळ सोडला. माझ्या डोळ्यांत बघत चाळीस सेकंद कोरडे हात धुतले. तळवे, पाठ, बोटांच्या फटी, नखं, कोपर. एकही चूक नाही. टॉवेलनं पुसले आणि म्हाताऱ्या बाईच्या उघड्या जखमेवर वाकली. सगळ्या पायऱ्या इंग्रजीत, न अडखळता. दहाव्या मिनिटाला संपलं.

परीक्षक बाई म्हणाल्या, उत्तम शिकवलंय तुम्ही.
एकोणीस दिले. एक कापला, कारण शोधून.
बाहेर व्हरांड्यात उ.नं मला गाठलं. “आता बरोबर झालं ना मॅडम?”
हो म्हटलं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भीती वाटली, कशाची ते कळलं नाही.

९ ऑगस्ट २००५
चार दिवसांपूर्वी पित्ताशय काढलं. आमच्याच दवाखान्यात, त्याच वॉर्डात. बेड सात. शांताबाई रिटायर झाली, माठ गेला.

आज पहिली पट्टी बदलायची. ट्रॉली घेऊन आली ती सुनंदा उईके, स्टाफ नर्स. वर्ष झालं म्हणे लागून. लग्न नाही केलं. सगळे तिच्या हाताचं कौतुक करतात, असं शेजारच्या खाटेवरची बाई सकाळीच सांगत होती.

“मॅडम, पट्टी बदलाची हाय. घाबरू नका.”
मी नावानं हाक मारली. नळाला पाणी येतं का, विचारावं तरी कोणत्या तोंडानं?
तिनं घड्याळ काढून खिशात ठेवलं. तेच घड्याळ, पट्टा झिजलेला. मग पडद्यामागं बेसिनकडे गेली. तेवढ्या वेळात हे लिहिते आहे.

पाइप बदलला असेल का? तो अर्ज मी पाठवला होता का? कितीदा आठवून पाहिलं, टेबलाच्या खणापुढं काही आठवत नाही.
नळ फिरवल्याचा आवाज आला.
कान देऊन पडले आहे.