हरेश्वरची डबी

मंगळवार, संध्याकाळ

हरेश्वरने आज त्याची तंबाखूची डबी परत मागितली. धडकीच भरली मला. आम्हा दोघांनाही प्रोस्टेटचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, तंबाखू सोडा, रोज चाला. तेव्हा आम्ही डब्या बदलल्या. त्याची माझ्याकडे, माझी त्याच्याकडे. मासेमारी करून आला की माहीमला होडी लावून तो इथे करी रोडला यायचा, मग लालबागपर्यंत चालायचो.

"दे रे डबी. हाडांत पसरलंय. आता कशाला सोडू?"

दिली. मी पण तेवढंच चाललोय ना, त्याच्याच बरोबर? मग माझंही पसरलं असेल? माझा रिपोर्ट शुक्रवारी.

घाबरून मीही माझी डबी मागितली. त्याने खिसा घट्ट धरला.

"तुझी नाय देणार. तू चाल."