पथारीवर

४ जानेवारी
आतड्याच्या सुजेमुळे वजन जातंय आणि त्यात मांसपेशी जास्त जातायत, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या वेळेवर, अंडी, पनीर आणि व्यायामाला रबराचा पट्टा. हात न टेकता खुर्चीतून उठता आलं पाहिजे. मिरचीचं पोतं एकट्याने खांद्यावर घेणाऱ्या माणसाला रबराचा पट्टा! उद्यापासून पोतंच उचलणार.
माझ्या वडिलांना, अण्णांनाही हेच होतं. तेव्हा संग्रहणी म्हणायचे. शेवटी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या राहत नव्हता, आई खालून हात धरायची. पण ते अण्णा. माझी बॉडी वेगळी आहे.

५ जानेवारी, सकाळ
रात्रभर संडासच्या चकरा. व्यायाम कॅन्सल.
बायकोने, रंजनाने आणलेला पट्टा स्कूटरवर सामान बांधायला मस्त आहे. करकचून गाठ मारली.

९ जानेवारी
मेहुणा भाईदास मालेगावहून मोसंब्या घेऊन रडतच आला. फोनवर रंजनाने "ते पथारीवर आहेत" सांगितलं, तर याने मला अंथरुणाला खिळवलं. नंदुरबारात पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मैदान, एवढंही कळू नये? मी तिथे मजुरांवर लक्ष ठेवत बसलो होतो. मला बघून म्हणतो, "दाजी, तुम्ही तं अर्धा व्हई ग्यात." मी पुष्कळ हसलो. उठताना पोत्याला हात टेकला, पण पोतं म्हणजे खुर्ची नव्हे. हिशेबात धरत नाही.

१४ जानेवारी
गुड न्यूज. अण्णांचा पांढरा सदरा मला खांद्यात दाटायचा, आज सैल झाला. व्यायामाशिवाय फिगर! रंजना बघत उभी राहिली आणि आत गेली. कौतुक करायची पद्धतच नाही या घरात.
आरशात मात्र पाठमोरं बघितलं नाही. उगाच.

१८ जानेवारी
स्टिरॉइडने स्नायू विरघळतात, मोबाईलवर वाचलं. माझ्या गोळ्या त्याच्याच. बंद. डॉक्टरांना विचारायची गरज नाही, मी सायंटिफिक माणूस आहे.

२२ जानेवारी
संडासला पुन्हा रक्त. मिरचीची धूळ असेल. मी मिरची खात नाही, हे रंजनाचं म्हणणं.
पोतं जरा हलवलं. हललं असं वाटलं.

२५ जानेवारी
दुपारी पथारीवर वजनकाट्याशेजारी जमिनीवर बसलो आणि उठताच येईना. पाय माझे नव्हतेच. मजूर मंगळीबाईने एका बाजूने धरलं, रंजनाने दुसऱ्या. चारी बाजूंना लाल मिरची, मधे मी पांढरा सदरा घालून. फार भीती वाटली.
घरी आणून पुढच्या खोलीत निजवलं. भाईदासचा फोन आला. रंजनाच्या तोंडून सवयीने "पथारीवर" निघालं. त्याने विचारलं, कोणत्या?
तिन्हीसांजेला आई पाणी घेऊन आली. तिला आता नीट दिसत नाही. तिने सदरा चाचपला, तांब्या माझ्या हातात दिला आणि खालून स्वतःचा हात लावला. म्हणाली, "धरा. खाले मन्हा हात शे. सांडनार नही."
आईने मला आयुष्यात कधी अहो-जाहो केलं नाही.
मी हेमकांत आहे, हे तिला सांगितलं नाही. पाणी प्यायलो.

२६ जानेवारी
डॉक्टरांना फोन केला, शिव्या खाल्ल्या, गोळ्या सुरू. अंडं खाल्लं. पट्टाही आजपासूनच ओढायचं ठरवलं.
स्कूटरपाशी बराच वेळ उभा होतो. गाठ मीच मारली होती. सुटत नाही.
रंजनाला हाक मारली आहे.