भाजलेले जव

२ फेब्रुवारी, रविवार
लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, माझ्याबरोबर तांदूळ निवडताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "या घरात काहीही आण, बाटली तेवढी आणू नकोस." मोठे दीर, त्यांचा थोरला, आदल्या वर्षी दारूने गेले होते. मी मान हलवली होती. त्याला बावीस वर्षं झाली. आता त्याच सासूबाई, आमच्या आई, एप्रिलपर्यंत आमच्याकडे अमेरिकेत, श्रूजबरीला आल्यात, आणि मी आज वुस्टरच्या दुकानात घरी करायच्या बिअरसाठी माल्ट निवडत उभी.
दाणे चावून पाहिले. एक टोस्टसारखा, मला हव्या त्या हलक्या लागर बिअरला जड. पिल्सनर माल्ट फिकट, गोडसर, कुरकुरीत. दहा पाउंड घेतला. डिकीतच ठेवणार होते. नवऱ्याने, महेशने, पिशवी सरळ किचनमध्ये आणली.

४ फेब्रु.
आईंनी एक दाणा तोंडात टाकला. "जव. मोड आणून वाळवलेत. सत्वासाठी ना?"
हो म्हणाले.
म. म्हणतो, "त्या आहेत तोवर बंद ठेव ना यार." पिते किती मी, आठवड्याला एखादा ग्लास. मला तो मॅशचा तास हवा असतो, भरडलेला माल्ट गरम पाण्यात मुरत ठेवायचा. पाणी १४९ फॅरनहाइटवर, झाकण, कुणी काही मागत नाही. पण 'बंद ठेव' ऐकल्याबरोबर पुढचा मॅश कधी लावता येईल तेच मोजायला लागले. ते काय होतं...

८ फेब्रु., शनिवार
आई शेजारच्या काकूंबरोबर देवळात. दोन तास मिळाले. गॅरेजमध्ये मॅश लावला. भरडताना दाणे तांबूस वाटले, घाईत दुर्लक्ष केलं. तासाने बशीत थेंब घेऊन आयोडिन टाकलं. काळंनिळं. पिठाची साखर झालीच नव्हती. आणखी अर्धा तास. काळंच. चाखलं तर भाजणीची पेज.
तेवढ्यात आई दारात. चमचा घेऊन त्यांनीही चाखलं. "खमंग झालंय ना? गुरुवारी सगळे भाजून ठेवले, मंद आचेवर, चार घाण्यांत. कच्च्याला कीड लागते."
साखर करायची माल्टची ताकद त्या कढईत गेली होती. माझा आवाज चढला. "आई, विचारायचं तरी."
मागून इरा, "आज्जी, दॅट वॉज फॉर बिअर." माझ्या लेकीला वाटलं, समजावून सांगतेय.
आईंनी चमचा खाली ठेवला.

१० फेब्रु.
आई ताट घेऊन खोलीत जेवतात. महेशला म्हणाल्या, "प्लेनोला शुभाकडे जाते. शनिवारचं तिकीट बघ." लेकीकडे राहायला त्या एप्रिलमध्ये जाणार होत्या.
मला एकच वाक्य, भांडी लावताना. "दारूचं धान्य माझ्या हातून भाजून घेतलंस."
मी घेतलं नव्हतं. पण असं उत्तर देता येत नाही. हो म्हणाले होते ना.

१२ फेब्रु.
म. म्हणाला, बिअरचं सामान विकून टाक, सॉरी म्हण, संपव. सॉरी म्हणाले, खोटं बोलल्याबद्दल. सामान विकते, हे मात्र तोंडातून बाहेर पडेना. आई वाट बघत होत्या त्या शब्दाची. मग म्हणाल्या, "थोरलाही आधी सॉरीच म्हणायचा."
दिवसभर ऑफिसात तेच. चिडायला हवं होतं, चिडले नाही. भीती वाटली.

१३ फेब्रु., गुरुवार
तिकीट झालं. येताना नवा माल्ट घेतला, तोच. कशासाठी, विचारलं तर सांगता येणार नाही.
आई बॅग भरत होत्या. साडीच्या घडीवरून हात फिरवत राहिल्या, वर बघितलं नाही. नाही म्हणणार, माहीत होतं. तरी दारात उभी राहून म्हटलं, "आई, उद्या तासभर माझ्याजवळ बसाल? मी काय करते ते बघा. आणि थोरले सुरुवातीला माझ्यासारखेच दिसायचे का, तेवढं मला खरं सांगा."