डॉक्टरांचा दुसरा प्रश्न

श्री. अमृतभाऊ, मु. शिरपूर

रविवार, १९ जानेवारी २०२५, सकाळी अकरा वाजता आमच्या जळगावच्या घरात बसून तुम्ही तुमच्या हितेंद्रचं आणि माझ्या भाचीचं ठरलेलं लग्न मोडलंत. "असला आजार चांगल्या घरच्या मुलीला होत नाही," म्हणालात. नूतन तेव्हा लंगडत तुमच्यासाठीच चहा आणत होती.

तिचा गुडघा सुजला, डोळे लाल झाले, तेव्हा डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. आधी जुलाब झाले होते का? आणि कुणाशी शरीरसंबंध आला होता का? सोबत आलेल्या तुमच्या यशोदावहिनींनी दुसरा प्रश्न तेवढा शिरपूरला नेला. उत्तर "नाही" होतं, ते इथेच विसरल्या.

पहिल्याचं उत्तर मी देते. डिसेंबरात तुमच्या मळ्यावरच्या भरीत पार्टीत मठ्ठा प्यायलेल्या सगळ्यांना जुलाब झाले. हितेंद्र तर सलाईनवर होता. पोटातल्या अशा संसर्गानंतर, कधी शरीरसंबंधातून आलेल्या संसर्गानंतरही, काहींचे सांधे धरतात, म्हणून ते दोन प्रश्न. त्याला रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात. गोळ्या आणि व्यायाम चालू आहेत, बहुतेक काही महिन्यांत उतरेल. हितेंद्रला हे ठाऊक होतं. तरी तुमच्या शेजारी बसून तो मोबाइल बघत राहिला.

नूतन हे पत्र टाकू देत नाही. म्हणते, "आत्या, त्यांनी माफी मागितली तर बाबा मला तिथेच देतील."

तेव्हा शुक्रवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत लेखी माफी पाठवा. त्यात लग्नाचा शब्दही नको.

कुंदा
(नूतनची आत्या)