गुडघेदुखीचं निमित्त

नाहूर, मंगळवार

ती. आई,
नमस्कार.

तुम्हाला वाचता येत नाही. हे पत्र गावी पाठवलं तर शेजारचे बळवंतकाका ते तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतील आणि तुम्ही दोन वर्षं झाकून ठेवलेलं सगळ्या वाडीला कळेल. म्हणून पाठवणार नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

जान्हवी झाली तेव्हा मला तिला जवळ घ्यावंसंच वाटेना. ती रडायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. माझी सख्खी आई म्हणाली, "पुरे झाले नखरे." एका दुपारी मी तुम्हाला म्हणाले, "मी नसले तर बरं होईल हिचं." वाटलं, आता तुम्ही ओरडाल. तुम्ही माझे गुंतलेले केस विंचरलेत आणि म्हणालात, "तुका बरा नाय, बाय. चल, डॉक्टराकडे जावया."

घाटकोपरच्या मानसोपचार डॉक्टरांकडे आपण वर्षभर गेलो. बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं तर तुम्ही सांगायचात, "माझे गुडघे दुखतत, सून सोबतीक येता." जिना उतरताना उगाच लंगडायचातसुद्धा. मला तेव्हा कित्येक दिवसांनी हसू आलं होतं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या गोळ्या बंद केल्या.

काल खालच्या मजल्यावरची दीप्ती माझ्याजवळ रडली. तिला बाळंत होऊन दीड महिना झालाय. मी तिला माझं सगळं सांगितलं, काही न लपवता. उद्या तिच्यासोबत मी जातेय.

तिने विचारलं, "तुला कोण घेऊन गेलं होतं गं?"

"सासूबाई," मी म्हटलं.

तिला खरंच वाटेना.

तुमचीच,
कल्पिता