डर्मटचा डबा

नास, किल्डेअर
९ फेब्रुवारी २०२५

ती. गिरिजाताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, त्यामुळे हा पत्रांचा उद्योगच बरा. स्वराली म्हणते, बाबा, अख्ख्या आयर्लंडमध्ये पोस्टाची तिकिटं विकत घेणारे तुम्ही एकटेच उरला असाल. उरू दे.

मी मजेत आहे. इथल्या भाषेत 'ग्रँड'. मुलगी-जावई सकाळी डब्लिनच्या गाडीला पळतात, नात शाळेत जाते आणि मग घरात मी आणि फ्रिजचा आवाज. विमल गेल्यावर कराडचं घर खायला उठायचं म्हणून इथे आलो, तर इथलंही दुपारपर्यंत तेच करायचं. पण आता एक माणूस भेटलाय. शेजारचा डर्मट. टॅक्सी चालवतो, माझ्याच वयाचा, त्याचीही बायको गेली. बोलतो इतक्या वेगाने की पहिला महिनाभर मी नुसती मान हलवत होतो.

त्यानेच मला एक काळा डबा बसवून दिला. टीव्हीच्या मागे ठेवायची वहीएवढी वस्तू, आणि त्यात जगातली सगळी चॅनेल! आपल्या पेठेत केबलवाला होता ना, तसा हा इथल्या वसाहतीचा केबलवाला. इतरांकडून वर्षाचे पैसे घेतो, माझ्याकडून फक्त चहा. आपली साडेसातची मालिका इथे दुपारी दोनला लागते. डर्मट दोनला येतो आणि एक शब्द कळत नसताना शेवटपर्यंत बसतो. ती थोरली सून पडद्यावर आली की कपाळाला हात लावतो.

मध्ये चार दिवस आपलं चॅनेल बंद होतं. डर्मटने खटपट केली, जमेना. मग मी चॅनेलच्या ग्राहक सेवेचा नंबर टिपून ठेवला होता, तिथे सरळ मुंबईला फोन लावला. ताई, पलीकडे मराठी मुलगी! इतक्या आस्थेने चौकशी केली म्हणून सांगू. कुठल्या देशात राहता, जोडणी कुणी दिली, त्याचं नाव काय, गाव कुठलं. मी सगळं सविस्तर सांगितलं. वर हेही सुनावलं की तुम्ही इथे चॅनेल विकतच नाही, आमचे जावई पैसे भरायला गेले तर 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' असं येतं. तेव्हा डर्मटसारख्या धडपड्या माणसाला आयर्लंडची एजन्सी द्या, असं सुचवलं. तिने लिहून घेतलं. काम झालं की त्याला चकित करणार आहे.

गुडघ्याला तेल लावतेस की नुसतं कपाटात जपून ठेवलंयस? माझ्यावर रागावत राहा, म्हणजे लोभ शाबूत आहे हे मला कळतं.

तुझा धाकटा,
रविकांत

॥ श्री ॥

कराड
२७ फेब्रुवारी २०२५

चि. रविकांत यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तेल लावते. तू तिकडून विचारलंस म्हणून नव्हे, गुडघा दुखतो म्हणून.

तुला मित्र मिळाला हे वाचून फार बरं वाटलं. विमल गेल्यापासून तुझ्या पत्रांत नुसती हवा असायची. पाऊस, थंडी, वारा. या पत्रात पहिल्यांदा माणूस आला. त्या डर्मटला माझ्या वतीने बेसनाचा लाडू दे आणि चहात साखर कमी घालत जा, दोघांच्याही.

डब्याचं मात्र माझ्या मनाला पटलं नाही. पैसे देऊन मिळेना म्हणून भलत्याकडून घेतलं, हे वाक्य मी कोर्टात तीस वर्षं टाइप केलंय. आरोपी दर वेळी अगदी हेच सांगायचे. मालिकेतल्या त्या सुनेलाही घरी चूल पेटवायची असते, रवि. तुम्ही फुकट बघणार, मग तिला कोण देणार? आपल्या जावयाला, सारंगला विचार. तो इंटरनेटच्याच धंद्यातला इंजिनिअर आहे.

मालिका काल रंगली होती. मी आवाज मोठा ठेवते, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या सरिताने स्वतःचा टीव्ही लावणंच सोडलंय. म्हणजे फुकट्यांत तीही आलीच म्हणायची.

तब्येतीला जप. इकडे एक म्हातारी तुझ्या पत्राची वाट बघते, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
गिरिजाताई

नास
२० मार्च २०२५

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

लाडू दिला. डर्मटने दोन खाल्ले. पण बातमी वाईट आहे.

गेल्या आठवड्यात त्याच्या दारात दोन माणसं आली. चॅनेलवाल्या कंपन्यांनी पाठवलेली. सगळे डबे बंद कर, पुन्हा करणार नाही असं लिहून दे, नाहीतर कोर्टात खेचतो, असं सांगून गेली. त्याच संध्याकाळी वसाहतीतले सगळे टीव्ही काळे झाले. इथल्या वर्तमानपत्रांत रोज हेच आहे, सरकार आणि कंपन्या डबेवाल्यांच्या मागे लागल्यात. डर्मटला धास्ती ही की खटला झाला तर टॅक्सीचा परवाना जाईल. या वयात दुसरं काय करणार तो? मी त्याला साधुसंत म्हणत नाही, लोकांकडून पैसे घेत होताच. पण माणूस निम्म्याने उतरलाय.

सारंगला विचारलं. तो म्हणाला, बाबा, आत्या बरोबर आहे, ही चोरीच आहे. पण चोर पकडायच्या नावाखाली जे चाललंय तेही धड नाही. मॅचच्या दिवशी इंटरनेटवरच्या कुठल्याशा पत्त्यावरून चोरून मॅच दिसते म्हणून तो पत्ताच बंद करतात, आणि त्याच पत्त्यावर राहणाऱ्या शेकडो निरपराध वेबसाइट बंद पडतात. आमच्या शनिवारच्या मराठी शाळेची वेबसाइट त्यात दोनदा गेली. मुलांचे धडे, गाणी, सगळं गायब. सारंगने तक्रार केली तर उत्तर आलं की हे आपोआप होतं, कुणी माणूस करत नाही. माझं डोकंच फिरलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं काढली मी. एखाद्याने फोनवरून वाह्यातपणा केला तर त्याची एक तार काढायचो, अख्ख्या गावाचं एक्स्चेंज बंद नाही करायचो. आणि तार काढली कुणी, हे सांगायला तिथे माणूस असायचा.

बरं, डर्मटचं नाव त्यांना दिलं कुणी? वसाहतीत सगळे एकमेकांकडे संशयाने बघतात. मी तर डर्मटला सांगितलं, हा घरभेदी मला सापडला तर त्याला माझ्या दारात उभा करणार नाही. तो नुसता हसला आणि किटलीतला उरलेला चहा माझ्याच कपात ओतला. अजून रोज दोनला येतो बिचारा. बंद टीव्हीसमोर बसतो आम्ही.

मालिकेत पुढे काय झालं ते लिही. दोघांनाही उत्सुकता आहे. तुझी माया आहे तशी पातळ न होता राहो.

तुझा,
रविकांत

॥ श्री ॥

कराड
६ एप्रिल २०२५

चि. रविकांत यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं, मग आधीचं काढून वाचलं, मग पुन्हा हे वाचलं. लिहू की नको, असं दोन दिवस झालं. तू माझा धाकटा भाऊ नसतास तर लिहिलं नसतं.

रवि, फेब्रुवारीत तू मुंबईला फोन केला होतास. त्या गोड मुलीने विचारलं आणि तू डर्मटचं नाव सांगितलंस, गाव सांगितलंस. एजन्सी द्या म्हणून शिफारसही केलीस. आता तूच जुळव.

तुझ्या मनात कपट नव्हतं, हे मला शपथेवर सांगायला लाव. तुझा स्वभावच अर्ज करायचा. लहानपणी दुधात पाणी आहे म्हणून गवळ्याच्या बापाकडेच तक्रार घेऊन गेला होतास. तुला वाटतं, खरं आणि सविस्तर सांगितलं की समोरचा न्याय करतो. समोरच्याला फक्त नाव हवं होतं. रडू नकोस. जेवण सोडू नकोस. पुढे काय करायचं ते तुझं तुला कळतं, मी सांगणार नाही.

मालिकेत थोरलीने दागिने परत आणून दिले. कुणाचा विश्वास बसत नाही, माझा बसला.

कितीही चुकलास तरी माझाच आहेस, हे पत्राखाली वेगळं लिहायला नको.

तुझी,
ताई

नास
२२ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दहावीनंतर पहिल्यांदाच इतकं मराठी हाताने लिहितेय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ माफ कर.

तुझं पत्र आल्यापासून बाबांचं काही खरं नाही. जेवतात दोन घास. त्यांना लगेच डर्मटकडे जाऊन सगळं सांगायचंय. मी अडवलंय. आत्याचं उत्तर येईपर्यंत थांबा, असं वचन घेतलंय त्यांच्याकडून. तू प्लीज त्यांना लिही की गप्प बसा.

तू मला भित्री म्हणशील. पण आम्ही दोघांनी नागरिकत्वाचा अर्ज भरलाय, आणि आमच्या घरात तो डबा होता हे कुठे नोंदलं गेलं तर काय, याचं मला टेन्शन आहे. शिवाय आमची रेवती याच गल्लीत खेळते. उद्या सगळे म्हणाले, त्या इंडियन आजोबांनी सांगितलं, तर तिच्याशी कोण खेळणार? आणि खरं सांगू? बाबांना इथे तो एकच मित्र आहे. तो चिडून निघून गेला तर मी ऑफिसला गेल्यावर बाबा कुणाशी बोलतील? न सांगितलं तर कुणाचंच काही बिघडत नाही. डर्मट रोज येतो, बाबा त्याला चहा देतात, आणि तो गेला की खोलीत जाऊन दार लावून घेतात. मला ते बघवत नाही.

मला ओरड, पण त्यांना समजाव. लाडकी आहे ना मी अजून?

तुझी,
स्वराली

॥ श्री ॥

कराड
८ मे २०२५

चि. सौ. स्वराली हिस,
अ. उ. आ.

लाडकी आहेस. भित्री नाहीस, आई आहेस. अर्जाचं सारंगने एखाद्या वकिलाला नीट विचारून घ्यावं, मनात भीती घोळवत बसू नये.

पण रविला गप्प बस म्हणून मी लिहिणार नाही. तू लिहिलंस, न सांगितलं तर कुणाचं बिघडत नाही. मग दार कोण लावून घेतो? बाळा, तुझा बाप लपवून जगू शकणारा माणूस नाही. लपवता आलं असतं तर हा फोनच झाला नसता. मित्र गेला तर जाईल, त्याचं दुःख आपण सगळे मिळून करू. त्याला जाऊ दे.

रेवतीला गोड पापा. ती इंग्रजीत बोलली तरी चालेल, मला नाहीतरी दोन्ही सारखंच ऐकू येतं.

तुमची वाट बघणारी,
आत्या

नास
२५ मे २०२५

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

स्वरालीने तुझं पत्र वाचलं, माझ्यासमोर धरलं आणि माझा कोट आणून दिला.

डर्मटच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो, आजवर तोच यायचा. वाटेत इंग्रजीत सगळं जुळवलं होतं, दारात ते विसरलो. मग जसं सुचेल तसं सांगितलं. फोन मी केला. नाव मी दिलं. तुझं भलं व्हावं म्हणून दिलं, पण दिलं मीच. तुझ्या वकिलाकडे येऊन मी हे लिहून देतो, माझ्याकडून तू कधी पैसा घेतला नाहीस हेही लिहून देतो. एवढं बोलून मी खाली बघत उभा राहिलो.

तो म्हणाला, आत ये, थंडी येतेय.

ताई, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या दोन माणसांनी दारात सगळ्यात आधी मराठी चॅनेलचंच विचारलं होतं. वसाहतीत मराठी चॅनेल बघणारा मी एकटा. पण जो कुणी विचारायला आला त्याला त्याने हेच सांगितलं, की 'मीच पबमध्ये नको तिथे बडबडलो, तुम्ही उगाच एकमेकांवर संशय घेऊ नका.' मी घरभेद्याला शिव्या देत होतो तेव्हाही त्याला माहीत होतं. एजन्सीचं कळल्यावर मात्र तो इतका हसला की त्याला खोकला लागला.

खटल्याचं अजून ठरलेलं नाही. त्याने लिहून दिलंय, पुढचं वकील बघतोय. मीही गप्प बसणार नाही. चॅनेलला रीतसर अर्ज लिहितोय, की आम्हाला उघडपणे विका, आम्ही उघडपणे पैसे देतो. सारंग त्यात मराठी शाळेच्या वेबसाइटची कैफियत वेगळी घालणार आहे. या वेळी नावं फक्त आमची, सही करणाऱ्यांची.

निघताना मी त्याला विचारलं, की सगळं माहीत असून तू रोज माझ्याकडे का येत राहिलास. तो म्हणाला, पहिले दोन दिवस तो माझ्यावर भयंकर चिडला होता. मग त्याला वाटलं की हे सगळं कुणाला तरी सांगावं, मन मोकळं करावं, आणि सांगायला माणूस शोधू लागला तर माझ्याशिवाय कुणी आठवेना.

मी तिथेच रडलो, ताई. त्याने खिडकीबाहेर बघत बसून मला रडू दिलं.

आशीर्वाद असू दे, आम्हा दोघांवर.

तुझा,
रवि